हौसाला विचारायचं होतं

पेणच्या बाजारात चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, घेऊन बसणाऱ्या बायका पुष्कळ, पण हौसासमोरून कुणी नुसता भाव विचारून सुटला असं कधी झालं नाही. भाव राहिला बाजूला, आधी हौसा विचारणार. कुठल्या गो तुम्ही? सून माहेरी का गेली? पाय सुजलाय तो कशानं, साखर तपासलीत? गिऱ्हाईक चिंबोरी भरलेली आहे की पोकळ हे दाबून बघतंय, तोवर हौसानं त्याच्या घरातलं दुखणं, भांडण, अडलेलं लग्न सगळं बाहेर काढलेलं. बाई पोलिसात असती तर काठी न उगारता चोर कबूल झाले असते. शेजारी सुकी मासळी मांडणारी सीताबाई म्हणायची, हौसे, तू चिंबोऱ्या विकतेस का शिरगणती करतेस? हौसा हसायची आणि सीताबाईलाच विचारायची, तुझ्या सासूनं मरताना पुतळ्यांची माळ कुठं ठेवली ते कळलं का गो? सीताबाईचं तोंड एवढंसं व्हायचं. ती माळ काही सापडली नव्हती.

हौसाचं गाव रामवाडीवरून हायवे ओलांडून खाडीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या पार टोकाला. नवरा काळुराम मिठागरावर कामाला. भला माणूस, पण शब्द बोलायचा म्हणजे जणू पदरचं खर्चायचं आहे. हौसानं विचारायचं आणि त्यानं मान हलवायची, असा दोघांचा संसार. थोरली प्रणिता रोह्यासमोर नदीपलीकडच्या अष्टमी गावात दिलेली. धाकटा धनेश रोह्यालाच केमिकल कंपनीत लागला होता. शिफ्ट असेल तेव्हा बहिणीकडे राहायचा, सुट्टीला घरी यायचा, आणि आल्याआल्या आई त्याला धारेवर धरायची. काय खाल्लंस, साहेब ओरडला का, ती लाल गाडीवाली पोरगी कोण? मम्मी, जरा श्वास घे, असं तो म्हणायचा.

श्रावणातल्या अवसेचं उधाण होतं. धनेश नाइट शिफ्ट करून सकाळी घरी आला, अर्धी भाकरी खाल्ली आणि कंपनीच्या पँटीतच आडवा झाला. तेवढ्यात काळुराम बांधावरून धावत आला. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधात लाकडी दार बसवलेलं असतं, त्याला उघाडी म्हणतात. त्या उघाडीची फळी सुटली होती आणि पाणी आत घुसत होतं. एकट्याला फळी धरवेना. त्यानं पोराला उठवलं. पोरगा डोळे चोळत गेला, फळी बसवायला पाण्यात उतरला, आणि पाण्याच्या ओढीनं दाराखाली खेचला गेला. ओहोटी लागली तेव्हा मिळाला.

पोलीस आले, पंचनामा झाला, जे काय व्हायचं ते झालं. काळुरामला कुणी काही बोललं नाही. काय बोलणार? पाणी शेतात शिरलं असतं तर गावाचंच भात गेलं असतं.

दहाव्याला खाडीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. कावळे नव्हते असं नाही, समोरच्या तिवरांच्या झाडांवर ओळीनं बसलेले, माना वाकड्या करून बघत होते. मग रीत असते तसं एकेकानं पुढं होऊन बोलायला सुरुवात केली. प्रणिता म्हणाली, मम्मीपप्पांना मी बघीन. कंपनीतला मित्र आदेश म्हणाला, तुझी गाडी कुणाला विकू देणार नाय. मावशी म्हणाली, तुझ्या नावानं गावच्या देवळात घंटा बांधू. कुणीतरी त्या लाल गाडीवाल्या पोरीचंसुद्धा नाव घेतलं. सगळं बोलून झालं. कावळे ढिम्म. काळुराम मात्र लांब बांधावर उभा होता, तो पुढं आलाच नाही. ऊन चढलं, भटजींना पुढचं काम होतं, शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि मंडळी आंघोळीला गेली.

हौसाच्या जिवाला तिथून जे लागलं ते लागलं. पोराचं काहीतरी राहिलंय. काय राहिलंय, ते कळत नाही. जन्मभर परक्यांच्या पोटातलं काढून घेणाऱ्या बाईला स्वतःच्या पोराच्या मनातलं कळेना, यापरतं वाईट काय असतं? तिनं भगताकडे तांदूळ टाकले, एका बाईच्या अंगात यायचं तिथं जाऊन बसली. प्रत्येकानं वेगळं सांगितलं. एकानं तर कोंबडं मागितलं, तेव्हा ती ताडकन उठली. धनेश कोंबडी खायचा नाही.

इकडं काळुरामनं हाय खाल्ली. सुरुवातीला लोक म्हणाले, बापाचं काळीज आहे, होईल हळूहळू. पण वर्ष गेलं, दुसरं लागलं, तरी माणूस खाटेवरून उठेना. ताट पुढं केलं तर दोन घास, नाहीतर तेही नाही. आंघोळीला उठवावं लागे. प्रणितानं त्याला रामवाडीला श्यामला डॉक्टरांकडे नेलं. या पेणच्याच, वडील हायस्कुलात मास्तर होते, जमीनजुमल्याचं घर. मुंबईत मनाच्या आजारांचं शिकून परत आलेल्या. बाई कष्टाळू. गोळ्या दिल्या, बदलल्या, वाढवल्या. काळुरामला त्यानं झोप यायची, एवढंच. एकदा त्या प्रणिताला बाजूला घेऊन म्हणाल्या की घरात दोऱ्या, औषधं असलं काही जवळ ठेवू नका. म्हणजे पाणी कुठवर चढलं होतं ते कळलं ना?

मग एक दिवस काळुराम परसात पाय घसरून पडला आणि त्याचा खांदा निखळला. पेणच्या एका दवाखान्यात हाड बसवायला नेलं. तिथं डॉक्टरनं गुंगीचं इंजेक्शन दिलं, खटकन खांदा बसवला, आणि हौसाला आत बोलावलं. काळुरामचे डोळे उघडे होते, पण नजर छपराच्याही पलीकडे. आणि बारीक, कोवळ्या आवाजात तो म्हणाला, "आये, थंडी वाजते गो. मना जवल घे."

हौसा उंबऱ्यातच खाली बसली. नर्स हसून म्हणाली, घाबरू नका मावशी, या इंजेक्शननं सगळेच असं बडबडतात, परवा एकजण नाटकातली पदं म्हणत होता. पण हौसाच्या कानात ते शिरलं कुठं? धनेश आला होता. भगताकडे आला नाही, त्या घुमणाऱ्या बाईकडे आला नाही, शेवटी बापाच्या अंगात आला.

आणि नवल म्हणजे, दुसऱ्या दिवशी काळुराम आपला आपण उठला. खांद्याला पट्टा बांधलेला, तसाच ओटीवर येऊन बसला. चहा मागितला. त्या आठवड्यात तो मिठागरापर्यंत चालत गेला. नंतर मात्र हळूहळू पुन्हा खाटेला लागला, पूर्वीसारखाच.

हे ऐकून श्यामला डॉक्टर खुर्चीत सरळ झाल्या. त्यांनी मायलेकींना समजावून सांगितलं. त्या इंजेक्शनचं नाव केटामाइन. भूल द्यायचं जुनं औषध आहे, पण तेच थोड्या प्रमाणात, सावकाश, सलाइनमधून दिलं, तर गोळ्यांना दाद न देणाऱ्या नैराश्यावर काहींना गुण येतो. आता बऱ्याच शहरांत देतात. गुण लवकर येतो आणि लवकर उतरतोही, म्हणून ओळीनं काही बैठका कराव्या लागतात. बाहेरच्या देशांत एका जातीच्या अळंब्यांच्या अर्कावरही असेच प्रयोग चाललेत, पण ते आपल्याकडे चालत नाही, आणि रानातली अळंबी आणून कुणी स्वतःवर प्रयोग करू नये, हेही त्यांनी बजावलं. बैठकीत माणसाला अंग हलकं वाटतं, आपण अंगाबाहेर आहोत असं वाटतं, वेळेचं भान सुटतं, चित्रं दिसतात. कधी गेलेली माणसंही दिसतात.

डॉक्टर पुढंही पुष्कळ बोलल्या, रक्तदाबाचं, जोखमीचं, कुणाला मुळीच गुण येत नाही त्याचं. हौसा गेलेल्या माणसांपाशीच थांबली होती. सही, अंगठा, काय हवं ते घ्या म्हणाली.

बाहेर आल्यावर प्रणितानं तिला धरलं. ती म्हणाली, मम्मी, धनू तुला कधी आये म्हणाला होता का? आये तर पप्पा म्हणायचे, त्यांच्या आईला. हौसानं लेकीकडे असं बघितलं की प्रणितानं पुढचं गिळलं. तिकडं गेल्यावर माणूस जुन्या लोकांसारखंच बोलतो, असं ठणकावून ती त्या दिवशी लेकीशी बोललीच नाही. आता यावर काय बोलायचं? माणसाला तहान लागली की मिठागरातलं पाणीही गोड दिसतं.

बैठका रोह्याला व्हायच्या. तिथल्या एका दवाखान्यात भुलीचा डॉक्टर होता, यंत्रं होती, श्यामला डॉक्टर ठरल्या दिवशी तिथं यायच्या. नवरा-बायको अष्टमीला प्रणिताकडे मुक्कामाला आले. अष्टमीहून रोह्याला जायचं तर मधे कुंडलिकेचा पूल. रिक्षा पुलावर आली की काळुराम डोळे गच्च मिटायचा आणि पूल संपल्यावरही बराच वेळ उघडायचा नाही.

खोलीत पडदे ओढलेले, दिवा मंद. एका हाताला सलाइन, दुसऱ्याला रक्तदाबाचा पट्टा, डोळ्यांवर मऊ पट्टी. अनोळखी माणसात काळुराम बिथरायचा, म्हणून हौसाला शेजारी बसायला परवानगी होती. डॉक्टरांनी तिला निक्षून सांगितलं होतं. बोलायचं नाही. काही विचारायचं नाही. तो काही बोलला, रडला, तरी फक्त हात धरायचा. या औषधात माणसाला कसलंच कवच नसतं, कानात पडेल ते त्याला खरं होऊन दिसतं. हौसा म्हणाली, बरं. आणि पहिल्या बैठकीला ती खरंच गप्प बसली, म्हणजे केवढी गोष्ट ती.

पण काळुरामही गप्प होता. ओठ हलले, डोळ्यांतून पाणी ओघळलं, तेवढंच. औषध उतरल्यावर तो म्हणाला की अंग कापसावानी झालं, मिठागरावर चालत होतो, पाय टेकत नव्हते, समदं पांढरं. धनेशचं नावसुद्धा नाही. संध्याकाळी प्रणिताकडे त्यानं बोंबलाचं कालवण मागून घेतलं. दुसऱ्या बैठकीनंतर दाढी केली. प्रणिताच्या मनस्वीला, एवढ्याशा नातीला, खांद्यावर घेऊन गल्लीच्या तोंडाशी गेला, तिला रंगीत गोळा घेऊन दिला, आणि पोरीची जीभ हिरवी झाली म्हणून हसला. प्रणिता मोरीत जाऊन रडली. हौसाही रडली. खोटं कशाला बोला, तिला नवरा नकोसा नव्हता. पण तो बरा होत होता आणि पोरगा काही बोलत नव्हता, हे तिला आतून कुरतडत होतं.

त्यातून बाजारातल्या बायका. तिनं सांगितलेलंच होतं ना सगळ्यांना! मधल्या दिवसांत ती पेणला गेली की टोपलीभोवती गोळा व्हायच्या. बोलला का गो धनेश? एकीला तिच्या नवऱ्याला विचारायचं होतं, एकीला बापाला. सीताबाईनं तर गळच घातली, काळुरामभावोजींना माझ्या सासूला तेवढं माळेचं विचारायला सांग. हौसा पूर्वीची असती तर खदखदून हसली असती. आता तिनं टोपलीवर ओलं फडकं टाकलं आणि म्हणाली, आधी माझं विचारून होऊ दे.

तिसऱ्या बैठकीनंतरची गोष्ट. प्रणिताच्या गॅलरीत दोघं बसली होती. खाली रिक्षा, शाळेतली पोरं, भाजीवाला. काळुराम आपणहून बोलला, हेच अप्रूप. म्हणाला, "धनू गेला गो हौसे. छातीवर बसल्यावानी वाटायचा, आता नाय वाटत. गेला तो."

दुसरी बायको असती तर तिनं देवापुढं साखर ठेवली असती. हौसाच्या मनात एवढंच आलं. गेला? आणि तिचं विचारायचं राहिलंय ते? हा बरा होणार, उठून मिठागरावर जाणार, आणि ज्या एका वाटेनं पोरगा आला होता ती वाट आता बुजणार. ती उठली. दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला गेली.

चौथ्या बैठकीला ते झालं. औषध सुरू होऊन थोडा वेळ गेला होता. काळुरामचा चेहरा सैल, शांत, तरुणपणीचा दिसत होता. बाहेर कुठलातरी अपघाताचा पेशंट आला आणि धावपळ उडाली. नर्स दारापर्यंत गेली. श्यामला डॉक्टर पाठ करून यंत्राकडे बघत होत्या. हौसा वाकली, नवऱ्याच्या कानाला तोंड लावलं आणि म्हणाली, "धनू, बाला, कावला का नाय शिवला रं? पान्यात उतरलास तवा काय राहिला तुजा?"

काळुरामच्या तोंडाचा चंबू झाला, जसा पाण्यात बुडणाऱ्याचा होतो. त्यानं हात झाडला, सलाइनची सुई निघाली, रक्त उडालं. तो अर्धा उठून ओरडायला लागला, फली धर, धर फली, पाय दिसतो त्याचा. दोघा वॉर्डबॉयना तो आवरेना. श्वास मिळत नसल्यासारखा तो घशाशी बोटं नेत होता, आणि डॉक्टर त्याच्या कानाशी पुन्हापुन्हा सांगत होत्या की तुम्ही रोह्याला आहात, इथं पाणी नाही. इथं पाणी नाही. त्याला ते पटायला फार वेळ लागला. चादर ओली झाली होती. भिंतीला टेकून हौसा सगळं बघत उभी होती, आणि एवढं होऊनही तिचे कान त्या ओरडण्यात पोराचा आवाज शोधत होते.

नंतर डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिनं लपवलं नाही, जे विचारलं ते सांगून टाकलं. श्यामला डॉक्टर चिडल्या, चांगल्याच चिडल्या. मग खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या की काय करायचं नाही ते मी तुम्हाला सांगितलं, तुम्हाला काय हवंय ते मात्र विचारलं नाही. पण असं म्हणून झालेलं थोडंच परत फिरतं?

काळुराम गावी आला तो थेट खाटेवर. आता पूर्वीपेक्षा वाईट. पूर्वी निदान झोपायचा. आता डोळा लागला की दचकून पाय जवळ ओढून घ्यायचा. परसातल्या पिंपात कुणी तांब्या बुडवला तरी थरथरायचा. दोन घासांचा एक झाला. हौसानं बाजार सोडला. ती त्याच्या उशाशी बसायची, ताट पुढं सरकवायची, उचलायची. घरात भांड्यांचा तेवढा आवाज.

शेवटी प्रणिता दोघांना ओढूनच रामवाडीला घेऊन गेली. श्यामला डॉक्टरांनी काळुरामच्या समोर स्टूल ओढलं. म्हणाल्या, आपण पुन्हा सुरू करू. एकदा गुण आला होता, परत येऊ शकतो. अगदी थोड्या औषधापासून, आणि या खेपेला शेजारी प्रणिता बसेल. हौसाताई बाहेर थांबतील. मात्र तुमची तयारी हवी, तुम्ही हो म्हणाल तरच.

काळुरामनं कितीतरी दिवसांनी मान वर केली. त्यानं डॉक्टरांकडे बघितलं, बायकोकडे नाही.

"बरा होऊन काय करू, बाई?" तो म्हणाला. "घरात मना कोन इचारतो? हिला मेल्याशी बोलायचा व्हता, माज्या तोंडानं. धनू गेल्यापासून हिनं मना येक गोष्ट इचारली नाय. दुखतं काय, नाय. झोप लागली काय, नाय. जेवता काय, ते पन नाय. ताट सरकवते. अख्ख्या बाजाराला इचारते ही."

प्रणिता खाली बघायला लागली. खोटं आहे, असं हौसाला म्हणायचं होतं. ती आठवायला लागली. खांदा निखळला तेव्हा विचारलं असेल. नाही, तेव्हा नर्सला विचारलं होतं. त्या गॅलरीत? नाही. भगताला विचारलं, घुमणाऱ्या बाईला विचारलं, कावळ्यांना हात जोडून विचारलं. या माणसाला, ज्याच्या अंथरुणाशेजारी ती रोज अंथरूण घालत होती, त्याला ती खरंच काही विचारू शकली नव्हती.

डॉक्टरांनी हळूच तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मग आत्ता विचारा, हौसाताई," त्या म्हणाल्या. "ते इथंच आहेत. काहीही विचारा."

डॉक्टरबाईंना वाटलं असेल, जेवणार का विचारेल, घरी चलता का विचारेल. हौसालाही तेच विचारायचं होतं, देवाशपथ. तिनं पदर सावरला, घसा साफ केला, नवऱ्याकडे तोंड वळवलं. आणि त्या उधाणाच्या सकाळपासून दातांमागं दाबून धरलेलं, कुणाजवळ, स्वतःजवळसुद्धा न बोललेलं, तेच बाहेर पडलं.

"त्याला कशाला उठवलात?"

काळुराम रागावला नाही, रडला नाही. हे येणार हे त्याला आधीपासून ठाऊक असावं.

"पानी चढत व्हतं," तो म्हणाला. मग तो उठला, दाराशी जाऊन चपला पायात सरकवल्या, आणि बाहेर उन्हात एकटाच उभा राहिला.